नखाएवढ्या कार्डातला खान्देश

अ‍ॅडॅप्टर या शब्दाला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न मला एका मुलाने विचारला होता. शब्दकोशात त्याला अनुयोजक, जुळवणी यंत्र असे जड जड शब्द मिळतील. मला विचाराल तर 'दुभाष्या' हा त्याला सगळ्यात जवळचा शब्द आहे. एकाची बोली दुसऱ्याला समजत नाही, तेव्हा मधे उभा राहतो तो दुभाष्या. आज ज्या दुभाष्याविषयी बोलायचे आहे, तो ३१ मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद आणि पोस्टकार्डाच्या चार-पाच थरांइतका जाड असा प्लॅस्टिकचा तुकडा आहे. त्याच्या पोटात नखाएवढे मेमरी कार्ड बसते आणि तो स्वतः मुलांच्या हातातल्या व्हिडिओ गेमच्या यंत्रात बसतो.

तुम्ही म्हणाल, कवी माणसाचे या खेळण्यात काय काम? काम आहे. हा आठवण साठवण्याच्या साधनांचा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा आपल्या जळगाव-धुळ्याच्या घराघरांतल्या टेबलाच्या खणात येऊन पोहोचला आहे.

हातात धरायचे गेम आपल्याकडे आले ते जत्रेतून. धुळ्याची एकवीरादेवीची यात्रा घ्या, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा घ्या, १९९० च्या दशकात खेळण्यांच्या दुकानांत 'ब्रिक गेम' टांगलेला असायचा. वरून विटा पडायच्या, त्या रचायच्या. डब्यावर '९९९९ गेम' असे छापलेले असे, खरे खेळ मोजून आठ-दहा. त्या यंत्राला आठवण म्हणून नव्हतीच. पोराने दुपारभर खपून विक्रम करावा, आणि सेल काढले की तो पुसला जावा. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'गेम बॉय' १९८९ मध्ये आला, त्याच्या काही कार्ट्रिजमध्ये आठवण ठेवायची सोय होती, पण तीही एका बटणाएवढ्या सेलवर जगत असे. १९९६ मध्ये जपानमध्ये निघालेल्या पहिल्या 'पोकेमॉन' खेळाचे कार्ट्रिज असेच होते. काही वर्षांनी आतला सेल संपला की मुलांनी जमवलेले सगळे प्राणी एका क्षणात नाहीसे होत.

सेलशिवाय टिकणारी आठवण कशी करायची, हा प्रश्न तोवर प्रयोगशाळेत सुटलेला होता. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी या दोघांनी एक कल्पना मांडली. आपल्याकडे धान्य ठेवायची कणगी असते ना, चारी बाजूंनी शेणामातीने लिंपलेली? तशी विजेच्या कणांसाठी एक अतिसूक्ष्म कणगी करायची. तिच्याभोवती वीज न वाहू देणारा थर लिंपायचा. जोर लावून कण आत ढकलले की ते आतच अडकून राहतात, बाहेरची वीज बंद झाली तरी. कणगी भरलेली की रिकामी, एवढेच यंत्राने वाचायचे. भरलेली म्हणजे एक उत्तर, रिकामी म्हणजे दुसरे. अशा कोट्यवधी कणग्या एका तुकड्यावर बसल्या की त्यात गाणे मावते, फोटो मावतो, खेळही मावतो.

या कल्पनेला बाजारात चालेल असे रूप दिले ते तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी. त्यांनी १९८४ मध्ये आपले संशोधन जगापुढे ठेवले आणि १९८७ मध्ये त्याची आणखी दाटीवाटीची, स्वस्त पडणारी रचना मांडली. एका झटक्यात सगळे पुसता येते, कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखे, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने तिला 'फ्लॅश' हे नाव सुचवले. साठवण्याच्या साधनाला पुसण्यावरून नाव मिळावे, ही गोष्ट मला नेहमीच विचारात पाडते. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत जी कंपनी निघाली आणि सॅनडिस्क या नावाने घरोघरी पोहोचली, तिच्या तीन संस्थापकांपैकी एक, संजय मेहरोत्रा, आपल्या कानपूरचे.

आता भांडण सुरू झाले आकाराचे. सोनी कंपनीने १९९८ मध्ये आपली 'मेमरी स्टिक' काढली. १९९९ मध्ये पॅनासोनिक, तोशिबा आणि सॅनडिस्क यांनी एकत्र येऊन 'एसडी कार्ड' जाहीर केले. आतली कणगी एकाच जातीची, पण कणगीचे दार प्रत्येकाने वेगळे केले. एकाचे कार्ड दुसऱ्याच्या खाचेत जाईना. डिसेंबर २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये 'प्लेस्टेशन पोर्टेबल', म्हणजे मुलांच्या भाषेत पीएसपी, विकायला काढले. २००५ मध्ये ते अमेरिका-युरोपात गेले. त्यात अर्थातच सोनीचीच छोटी मेमरी स्टिक चाले. तिकडे सॅनडिस्कने २००४ मध्ये 'ट्रान्सफ्लॅश' नावाचे १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड असे कार्ड आणले, आणि जुलै २००५ मध्ये त्याचे नाव 'मायक्रोएसडी' झाले. मोबाइल फोनवाल्यांनी ते उचलून धरले. लाखो फोनांत तेच कार्ड जाऊ लागले, म्हणून ते स्वस्त झाले. मेमरी स्टिक मात्र महागच राहिली. मग कुणा हुशार माणसाच्या डोक्यात आले की स्वस्त कार्ड महाग खाचेत बसवणारा दुभाष्या का करू नये?

इथे एक बारीक फरक समजून घेतला पाहिजे. मायक्रोएसडी कार्डाबरोबर एसडीच्या आकाराचे जे काळे किंवा निळे कव्हर मिळते, त्याच्या आत काहीही बुद्धी नसते. नुसत्या तारा. दोन्ही कार्डे एकच भाषा बोलतात, फक्त अंगाने लहान-मोठी आहेत, म्हणून मापाचा अंगरखा चढवला की काम होते. मेमरी स्टिकचे तसे नाही. तिची बोलण्याची रीतच वेगळी. म्हणून तिच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये एक चिमुकली चिप बसवावी लागते. ती यंत्राचे ऐकते, त्याचा अर्थ लावते आणि कार्डाला त्याच्या भाषेत सांगते. हा खरा दुभाष्या.

तो बसवायची रीत सोपी आहे. कार्ड अ‍ॅडॅप्टरमध्ये सरकवायचे, अ‍ॅडॅप्टर यंत्राच्या खाचेत घालायचा. मग यंत्राच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम सेटिंग्ज' उघडून 'फॉरमॅट मेमरी स्टिक' निवडायचे. कार्डावर असलेले सगळे पुसले जाते आणि यंत्र आपल्या सवयीची कपाटे त्यावर मांडते. खेळासाठी एक, गाण्यांसाठी एक, चित्रांसाठी एक, चित्रफितींसाठी एक. पुढे यूएसबीच्या वायरने संगणकाला जोडून त्या त्या कपाटात सामान भरायचे.

या अ‍ॅडॅप्टरचा एक प्रकार दोन खाचांचा असतो. त्यात दोन मायक्रोएसडी कार्डे शेजारी शेजारी बसतात. ती सारख्या क्षमतेची असावी लागतात. यंत्राला वाटते एकच मोठे कार्ड आहे, पण आतला दुभाष्या माहितीचे तुकडे करून एक तुकडा या कार्डावर आणि पुढचा त्या कार्डावर असा वाटून ठेवतो. त्यामुळे दोन्ही कार्डे जागेवर असतील तोवर सगळे ठीक. एक काढून घेतले की दुसऱ्यावर जे उरते त्याला काही अर्थच राहत नाही. अर्धे गाणे इथे नि अर्धे तिथे असेही नाही, प्रत्येक ओळच दोघांत वाटलेली.

आपल्या खान्देशाचेही काहीसे असेच आहे. १९०६ मध्ये इंग्रज सरकारने एका खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन केले. १९६० मध्ये त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. कचेऱ्या वेगळ्या झाल्या, पण अहिराणी वाटली गेली नाही. लग्नाचे गाणे पारोळ्यात सुरू झाले तर त्याचा जबाब साक्रीकडच्या बाईला ठाऊक असतो. आणि ती बाई कुठल्या धर्माची, हे गाण्याने कधी विचारले नाही. आमच्या घरी उर्दू मिसळलेली बोली, गल्लीत अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी. मी लिहू लागलो तो मराठीत, पण कान घडले ते गल्लीत.

खान्देशात मेमरी कार्डाचे राज्य आले ते साधारण २००७-०८ पासून. स्वस्त चिनी फोन आले. त्यांना कंपनीचे नाव नसे, पण दोन सिम, मोठा स्पीकर आणि मेमरी कार्डाची खाच असे. ज्या फोनांना आयएमईआय क्रमांक नव्हता ते १ डिसेंबर २००९ पासून सरकारने बंद पाडले, पण तोवर कार्डाची चटक लागली होती आणि भारतीय कंपन्यांचे स्वस्त फोन दुकानांत आले होते. जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत आणि पुढे तालुक्यातालुक्याच्या बसस्टँडपर्यंत पाट्या लागल्या, 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. दुकानदार संगणकासमोर बसलेला, समोर गिऱ्हाईकांची रांग. 'जिभाऊ, काय टाकू?' असे तो विचारी. कुणी जुनी हिंदी गाणी सांगे, कुणी कीर्तने, कुणी कव्वाली, आणि बहुतेक जण शेवटी म्हणत, 'आणि आपली अहिराणी टाक थोडी.' वीस-तीस रुपयांत महिन्याभराची करमणूक. कापूस वेचणाऱ्या बाईच्या कमरेला फोन आणि केळीच्या बागेत पाण्याच्या पाळीवर बसलेल्या माणसाच्या खिशात फोन, दोन्हींत गाणी तीच.

मालेगाव हे नाशिक जिल्ह्यातले, पण खान्देशाच्या उंबऱ्यावरचे. तिथल्या यंत्रमागांच्या गावात शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' केला आणि घरगुती सिनेमांची एक परंपराच सुरू झाली. त्या सिनेमांवरचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा फैजा अहमद खान यांचा माहितीपट २००८ चा. तिथून निघालेले खान्देशी विनोदी सिनेमे आधी व्हीसीडीवर फिरले, मग मेमरी कार्डात शिरले आणि आता यूट्यूबवर आहेत.

या दुकानांचा धंदा परवानगीने चालत होता असे मी म्हणणार नाही. गाणे लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला त्यातला एक पैसाही पोहोचत नसे. लिहिणाऱ्यांच्या जातीतला म्हणून मला ते बोचते. पण याच दुकानांमुळे, ज्यांची गाणी कोणतीही मोठी कंपनी काढत नव्हती अशा गावच्या गायकांचा आवाज चाळीस-चाळीस गावांत गेला, हेही खरे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि ती रांग संपली. पाट्या उतरल्या. कार्डे मात्र लोकांनी टाकली नाहीत. ती खणात पडली, सुईदोऱ्याच्या डबीत पडली, जुन्या पाकिटात राहिली.

त्या कार्डांत भरून आणलेली गाणी होती, तशी भरून न आणलेलीही काही होती. त्या फोनांत आवाज टिपायची सोय होती. घरोघरच्या पोरांनी सहज गंमत म्हणून आजीला गायला लावले, आजोबांना गोष्ट सांगायला लावली आणि विसरून गेले.

माझ्या बहिणीचा धाकटा मुलगा अलीकडे कुठून तरी जुना पीएसपी घेऊन आला. २०१४ मध्ये कंपनीने हे यंत्र बनवायचे थांबवले, तरी हौशी मुलांत त्याची देवघेव चालते. त्याने दोन खाचांचा अ‍ॅडॅप्टर मागवला आणि घरातल्या जुन्या फोनांतून निघालेली दोन चार-चार जीबीची कार्डे शोधून काढली. आता फॉरमॅट करायचे. मी म्हटले, आधी काय आहे ते तर बघ. 'मामू, त्यात काय असणार, जुनी गाणी,' असे म्हणत त्याने कार्ड संगणकाला लावले. गाणी होतीच. पण एका कोपऱ्यात २०१० सालच्या दोन फाइली होत्या, फोन स्वतःच आकड्यांची नावे देतो तशा. पहिली जेमतेम चार मिनिटांची, साडेतीनशे केबीची. आजच्या फोनवरचा एक फोटो याच्या दहापट जागा खातो.

त्यात माझी अम्मी होती. शेजारच्या आक्का तिच्याबरोबर होत्या. दोघी मिळून हळदीचे गाणे म्हणत होत्या, एक ओळ अम्मीची, जबाब आक्कांचा. मागे पंख्याची घरघर आणि कुकरची शिट्टी. मधेच अम्मी ओळ विसरते, आक्का ती पुरवतात, आणि दोघी हसतात. दोघीही आता नाहीत. ते गाणे मी लहानपणापासून ऐकले होते, पण जबाबाच्या ओळी आमच्या घरात कुणालाच येत नाहीत. त्या आक्कांच्या होत्या. आक्कांच्या सुनांना अम्मीच्या ओळी येत नाहीत. दुसरी फाइल उघडलीच नाही. नाव दिसते, आकार दिसतो, आवाज येत नाही. पहिलीची एक प्रत आम्ही आक्कांच्या घरी दिली.

आठवण टिकवण्याच्या कामात आपला मुलूख कधी मागे नव्हता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून अशी अठरा प्रवचने झाली. ती टिपायला यंत्र नव्हते. साने गुरुजी समोर बसून भरभर लिहून घेत होते, म्हणून आज 'गीता प्रवचने' हे पुस्तक आहे. बोललेला शब्द कागदावर आणणारे गुरुजी हे त्या तुरुंगातले दुभाषेच. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या गात राहिल्या. मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी लिहून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, आणि त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडली. १९५२ मध्ये पुस्तक निघाले. ती वही हरवली असती तर असोद्याची ही लेक महाराष्ट्राला कळलीही नसती. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायी हिंडून मोडीतली दप्तरे गोळा करत. माळ्यावर, अडगळीत, कधी किराण्याच्या पुड्या बांधायला निघालेल्या कागदांत त्यांनी मराठ्यांचा इतिहास शोधला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच गेले आणि त्यांच्या मागे १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले.

राजवाड्यांना सापडलेले कागद शे-दोनशे वर्षे अडगळीत पडून होते, तरी वाचता आले. वाळवी आणि पाणी चुकवले की कागद तग धरतो. आपल्या खणातल्या कार्डाला तेवढी सवड नाही. ती कणगी कितीही लिंपली तरी विजेचे कण हळूहळू झिरपतात. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या माहिती टिकण्याची भाषा साधारण दहा वर्षांची करतात. कार्ड जितके जास्त वेळा भरले आणि पुसले, तितका त्याचा लिंपणाचा थर झिजतो. आणि उष्णतेने झिरपणे वाढते. जळगाव-भुसावळकडचा मे महिना कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. पत्र्याखालच्या कपाटात पडलेले २०१० सालचे कार्ड किती उन्हाळे सोसून बसले आहे, याचा हिशेब आपणच करायचा.

त्यातच खाचाही नाहीशा होत आहेत. नव्या फोनांपैकी कितीतरी फोनांना कार्डाची खाच नसते. हातातल्या गेमचे म्हणाल, तर जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या 'स्विच २' या यंत्राला खेळ साठवायला 'मायक्रोएसडी एक्स्प्रेस' या नव्या जातीचेच कार्ड लागते. दिसायला तेच, पण जुन्या कार्डावर खेळ ठेवता येत नाहीत. दुभाष्या बाजारात मिळतो तोवरच जुने बोलणे समजते. मोडी वाचणारे कमी झाले तेव्हा दप्तरे मुकी झाली, तसेच हेही आहे.

म्हणून एक विनंती. या रविवारी घरातले खण उघडा. जुनी कार्डे सापडली तर ती साध्या एसडी कव्हरात घाला. त्या कव्हराच्या कडेला एक चिमुकली खिटी असते, ती 'लॉक'कडे सरकवा, म्हणजे बहुतेक संगणक त्यावर काही लिहीत नाहीत आणि पुसतही नाहीत. संगणकाला लावल्यावर 'फॉरमॅट करायचे का' असे विचारले तर 'नाही' म्हणा. गाण्यांच्या यादीवर थांबू नका. आकड्यांची नावे असलेल्या, शेवटी 'एएमआर' लिहिलेल्या छोट्या फाइली शोधा. जे सापडेल त्याच्या दोन प्रती करा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. कोण गाते आहे, गाव कोणते, साल कोणते, गाणे कोणत्या प्रसंगाचे, हे एका कागदावर शाईने लिहा. आवाज शेजारणीचा असेल तर एक प्रत तिच्या घरी पोहोचवा.

हे झाले की मग कार्ड खुशाल मुलांच्या हवाली करा. त्यांनी ते अ‍ॅडॅप्टरमध्ये घालावे, पुसावे आणि मनसोक्त खेळावे.